वाढलेल्या ऑइलची गोष्ट

घरातली एखादी वस्तू न घालता वाढली, की आपल्या बायकांच्या मनात आधी पाल चुकचुकते. डब्यातली साखर कधी आपोआप वाढत नाही, गॅसचं सिलिंडर भरत नाही आणि पर्समधल्या पैशांचं तर बोलायलाच नको! मग गाडीच्या इंजिनातलं ऑइलच कसं वाढेल? पण मैत्रिणींनो, आमच्या गाडीतलं वाढलं.

आमची गाडी डिझेलची, टर्बो इंजिनाची. २०२१ मध्ये कर्ज काढून घेतलेली. ह्यांची नोकरी परगावी. शनिवारी येतात नि सोमवारी पहाटेच्या एसटीनं जातात. त्यामुळे आठवडाभर गाडी माझ्याच हाती. धाकट्याला शाळेत सोडणं, बँक, बचत गटांच्या बैठका, सासूबाईंना व्यायामासाठी दवाखान्यात नेणं... दिवसभरात चार-पाच फेऱ्या, पण एकही फेरी दोन-तीन किलोमीटरच्या वर नाही. गाव केवढं ते आमचं!

गाडी शिकताना गुरुजींनी एक शिस्त लावली होती. महिन्यातून दोनदा, सकाळी इंजिन गार असताना, गाडी सपाट जागी उभी करून बॉनेट उघडायचं. ऑइल मोजायची पट्टी बाहेर काढून फडक्यानं पुसायची, परत आत घालून काढायची आणि ऑइल दोन खुणांच्या मध्ये आहे ना, ते बघायचं. सर्व्हिसिंगनंतर ऑइल बरोबर वरच्या खुणेला होतं. चार महिन्यांनी बघते तो काय, वरच्या खुणेच्याही अर्धा बोट वर! वास घेतला, तर डिझेलचा उग्र दर्प.

गॅरेजमध्ये गेले. तिथले मिस्त्री हसलेच. ‘‘वहिनी, ऑइल कमी झालं तर काळजी करायची. वाढलं तर कसली काळजी? इंजिन ऑइल पीत नाही, चांगलंच आहे की!’’ मग त्यांनी गाडी चालू करून पाहिली. हल्ली वेग घेताना एक शिट्टीसारखा आवाज यायचा, तोही त्यांना ऐकवला. त्यांनी कान दिला, मान हलवली नि म्हणाले, ‘‘टर्बो गेला तुमचा. बदलावा लागेल.’’ खर्चाचा आकडा सांगितला, तो पाऊण लाखाच्या घरात!

मी घरी आले ती पाय ओढतच. पाऊण लाख आणायचे कुठून? एक मुदत ठेवीची पावती होती, पण ती मोठीच्या होस्टेलच्या फीसाठी जपून ठेवलेली. ह्यांना फोन केला. ते म्हणाले, ‘‘मिस्त्री म्हणतोय तर मोडू या पावती. फीचं बघू पुढे.’’ मला मात्र झोप येईना. वाढलेल्या ऑइलचं उत्तर तर कुणीच दिलं नव्हतं.

नेमका त्याच आठवड्यात माझ्या बहिणीचा मुलगा दिवाळीला आला. तो पुण्याजवळ एका कारखान्यात यंत्रांच्या देखभालीचं काम बघतो. सगळी कहाणी ऐकून म्हणाला, ‘‘मावशी, पावती मोडू नकोस. आधी ऑइलचा रिपोर्ट काढू. आमच्याकडे मोठ्या यंत्रांचं ऑइल आम्ही ठरावीक दिवसांनी लॅबला पाठवतो. माणसाचं रक्त तपासतात, तसंच.’’

मला वाटलं, थट्टा करतोय. पण ही तपासणी काही आजची नाही. अमेरिकेतल्या डेन्व्हर अँड रिओ ग्रांड रेल्वेनं १९४६ च्या सुमारास डिझेल इंजिनांच्या वापरलेल्या ऑइलमधले धातू तपासून बिघाड आधीच ओळखायला सुरुवात केली. आपल्या रेल्वेच्या डिझेल शेडमध्येही इंजिनाचं ऑइल तपासणाऱ्या प्रयोगशाळा आहेत. रेल्वेचं इंजिन उघडून बघणं म्हणजे केवढा खटाटोप! त्यापेक्षा बाटलीभर ऑइल बोलतं करणं सोपं.

आता हा टर्बो म्हणजे काय, ते मी भाच्याकडूनच समजून घेतलं. आपली आजी चुलीत फुंकणीनं हवा घालायची, की जाळ कसा भडकायचा! टर्बो ही इंजिनाची फुंकणी. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराच्या झोतावर एक छोटा पंखा फिरतो. त्याच्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरा पंखा असतो, तो बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, म्हणून लहान इंजिनातूनही ताकद जास्त. आल्फ्रेड ब्यूशी नावाच्या स्विस अभियंत्यानं १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं होतं.

आपला मिक्सर जोरात लावला तर मिनिटाला अठरा-वीस हजार फेरे घेतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो! आणि हा दांडा तरंगत असतो कशावर, तर इंजिनातल्याच ऑइलच्या पातळ थरावर. एका बाजूनं सातशे-आठशे अंशांचा धूर, दुसऱ्या बाजूनं वारा आणि मध्ये बिचारं ऑइल. ते पातळ झालं, करपलं किंवा त्यात माती गेली, तर पहिला फटका टर्बोलाच बसतो. म्हणून टर्बोच्या गाडीत ऑइलचं महत्त्व जास्त.

नमुना घ्यायचं काम आम्ही अंगणातच केलं. पाच-सात किलोमीटर गाडी फिरवून आणली, म्हणजे खाली बसलेला गाळ ऑइलमध्ये मिसळतो. मग भाच्यानं चेंबरचा नट सैल केला. पहिली धार घमेल्यात सोडली, मधल्या धारेखाली स्वच्छ कोरडी बाटली धरली. तळाशी राहिलेलं ऑइल घेतलं नाही. लोणच्याच्या बरणीतलं आपण वरवरचं घेत नाही नि तळातलंही नाही, तसंच. बाटलीवर चिठ्ठी लावली : गाडी एकूण किती चालली, हे ऑइल घातल्यापासून किती चालली, ऑइल कुठल्या कंपनीचं नि कुठल्या ग्रेडचं, मध्ये वरून किती घातलं. ही माहिती नसेल तर रिपोर्ट असून नसल्यासारखा. पाच हजार किलोमीटरनंतर दिसलेलं लोखंड आणि पंधरा हजारांनंतरचं लोखंड, याचा अर्थ एक कसा असेल?

बाटली घेऊन भाचा पुण्याला गेला. कारखान्याचं ऑइल जिथं तपासतात त्या खासगी लॅबमध्ये दिली. सगळा खर्च एका बऱ्यापैकी साडीएवढा आला. दिवाळीची साडी मी घेतली नव्हतीच, म्हटलं, यंदा हीच!

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. दोन पानं, नुसते आकडे. भाच्यानं फोनवर एकेक ओळ समजावून दिली, ती मी वहीत उतरवून घेतली. म्हणून आज तुम्हाला सांगू शकते.

पहिला भाग धातूंचा. इंजिनाचे भाग एकमेकांवर घासतात, तेव्हा डोळ्यांना दिसणार नाहीत असे धातूचे कण ऑइलमध्ये येतात. ते मोजायची युक्ती मोठी गमतीची आहे. गॅसवर मिठाचं पाणी उतू गेलं, की निळी ज्योत पिवळी होते ना? तो मिठातल्या सोडियमचा रंग. तसा प्रत्येक धातूचा तापल्यावर आपापला प्रकाश असतो. लॅबमधलं यंत्र ऑइलचा थेंब प्रचंड तापवतं आणि त्या प्रकाशावरून कुठला धातू किती, ते सांगतं. आकडा असतो दहा लाख भागांमध्ये किती भाग, असा. म्हणजे दहा क्विंटल तांदळात एक ग्रॅम खडा असेल, तर तोही सापडतो!

आणि कुठला धातू निघाला, यावरून कुठला भाग झिजतोय त्याचा अंदाज येतो. लोखंड बहुतेक सिलिंडरच्या भिंतींचं नि फिरत्या दांड्यांचं. क्रोमियम रिंगांचं. ॲल्युमिनियम पिस्टनचं. तांबं, शिसं, कथील हे बेअरिंगचे धातू. टर्बोच्या बेअरिंगमध्येही बरेचदा तांब्याचा मिश्रधातू असतो. सोडियम-पोटॅशियम अचानक वाढलं, तर रेडिएटरचं पाणी ऑइलमध्ये उतरत असल्याची शंका घ्यायची. आणि सिलिकॉन वाढलं तर धूळ, कारण आपली माती-वाळू म्हणजे मुख्यतः सिलिकाच. (इंजिन उघडून नवीन सीलंट लावलं असेल, तरी सिलिकॉन दिसतं. म्हणून सगळी हकिगत सांगावी लागते.)

आमच्या रिपोर्टमध्ये हे सगळे आकडे मर्यादेत होते. तांबं, कथील नाममात्र. सिलिकॉन कमी. रिपोर्टमध्ये टर्बोच्या झिजेची काही खूण नव्हती! मी फोनवरच ‘‘देवा, पांडुरंगा’’ म्हटलं.

‘‘थांब मावशी,’’ भाचा म्हणाला, ‘‘दुसरं पान बघ.’’

दुसऱ्या पानावर ऑइलची स्वतःची तब्येत होती. पहिलं, दाटपणा. आपण पाक एकतारी झाला की दोनतारी, ते बोटांवर बघतो. लॅबवाले ऑइल शंभर अंशांना तापवून ते किती सावकाश वाहतं, ते मोजतात. आमचं ऑइल ५डब्ल्यू-३० ग्रेडचं. या ग्रेडचा आकडा ९.३ ते १२.५ च्या दरम्यान हवा. आमचा आला ८.९. म्हणजे पाकात कुणीतरी पाणी ओतलेलं! ते ‘पाणी’ही पुढच्याच ओळीत सापडलं. ऑइलमध्ये सहा टक्के डिझेल. इंजिनात ऑइल पाच लिटर. म्हणजे तीनशे मिली, मोठा पेलाभर डिझेल आमच्या ऑइलमध्ये येऊन बसलं होतं. वाढलेल्या ऑइलचं कोडं सुटलं. वाढलं होतं ते ऑइल नव्हतंच! त्याशिवाय काजळीही थोडी जास्त होती.

पण डिझेल तिथं गेलं कसं? इथं माझं मलाच हसावं की रडावं ते कळेना, कारण दोष निघाला माझ्या दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्यांचा.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम लागू झाले. तेव्हापासून डिझेल गाड्यांच्या धुराच्या वाटेवर काजळी अडवणारी जाळी असते. तिला डीपीएफ म्हणतात. जाळी भरत आली, की गाडी आपणहून ती काजळी जाळते. त्यासाठी जाळी सहाशे अंशांच्या आसपास तापावी लागते, म्हणून बऱ्याच गाड्यांत सिलिंडरमध्ये थोडं जादा डिझेल सोडलं जातं. गाडी मोठ्या रस्त्यावर पंधरा-वीस मिनिटं सलग चालली, तर काम फत्ते. पण आपण निम्म्यातच शाळेच्या फाटकापाशी किल्ली फिरवून मोकळ्या! काजळी अर्धवट जळते. पुढच्या फेरीला गाडी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करते, पुन्हा जादा डिझेल. त्यातलं काही सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळत खाली चेंबरमध्ये उतरतं. डिझेल पेट्रोलसारखं चटकन उडूनही जात नाही. साठत राहतं.

पेट्रोलचे टर्बोवालेही यातून सुटलेले नाहीत बरं का. उत्तर चीनच्या कडक थंडीत होंडाच्या दीड लिटर टर्बो पेट्रोल गाड्यांत असंच ऑइल वाढल्याच्या तक्रारी आल्या आणि २०१८ मध्ये तिथं सीआर-व्हीची विक्री काही काळ थांबवावी लागली. इंजिन नीट तापायच्या आतच फेरी संपते, पेट्रोल ऑइलमध्ये राहतं. मोठमोठ्या कंपन्यांना घाम फुटला, तिथं आमचे मिस्त्री ‘चांगलंच आहे की’ म्हणाले, यात त्यांना तरी किती दोष द्यायचा?

मग शिट्टीचं काय? रिपोर्ट बघून भाच्यानं तालुक्याच्या दुसऱ्या एका फिटरला गाडी दाखवायला सांगितलं. त्यांनी हवेचा पाइप काढून टर्बोचा दांडा बोटानं हलवून पाहिला. घट्ट होता. मग टर्बोतून इंजिनाकडे जाणारा रबरी होज तपासला. त्याची क्लिप सैल! दाबलेली हवा तिथून शिट्टी वाजवत निसटत होती. हवा कमी पडली, की डिझेल नीट जळत नाही, काजळी वाढते. काजळी वाढली की जाळी लवकर भरते. जाळी भरली की जादा डिझेल, आणि जादा डिझेल की ऑइल वाढतं. एका क्लिपनं केवढं रामायण केलं, बघा! क्लिप बदलली, ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलला. सगळं मिळून काही हजारांत भागलं. होस्टेलच्या फीची पावती शाबूत राहिली.

मी तसंच दुर्लक्ष केलं असतं तर? पातळ ऑइलवर लाखभर फेऱ्यांचा टर्बो किती दिवस टिकला असता! शिवाय ऑइल प्रमाणाबाहेर वाढलं, तर इंजिन ते हवेच्या वाटेनं ओढून घेऊन जाळू लागतं. मग किल्ली बंद केली तरी डिझेल इंजिन थांबत नाही, सुसाट फिरत सुटतं. गाडीत सासूबाई आणि धाकटा, नि असं काही झालं असतं तर... नुसत्या कल्पनेनंच अंगावर काटा येतो.

आता मी सवयी बदलल्या आहेत. शाळा दीड किलोमीटरवर, तिथं आम्ही चालत जातो. आठवड्यातून एकदा, बहुधा गटाच्या कामानं, हायवेवरून अर्ध्या तासाची सलग फेरी मारते. गाडी उभी असताना पंखा जोरात फिरत असेल, इंजिनाचे फेरे नेहमीपेक्षा वाढलेले असतील, तर जाळी साफ होत असावी असं समजून लगेच बंद करत नाही. घाट चढून आलं किंवा हायवेवरून थांबलं, की मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवते. तापलेल्या टर्बोत ऑइल करपू नये म्हणून. आणि ऑइल घेताना गाडीच्या पुस्तकात लिहिलेलंच घेते. डीपीएफच्या गाडीला कमी राख सोडणारं ऑइल लागतं, कारण काजळी जळते, राख जळत नाही. पाच हजार किलोमीटरनंतर परत नमुना पाठवला. दाटपणा १०.६, डिझेल दोन टक्क्यांच्या आत. निम्म्याहून जास्त काम नुसत्या सवयीनं झालं.

ही हकिगत मी बचत गटाच्या बैठकीत सांगितली. एक ताई गप्पगप्प ऐकत होत्या. त्यांच्या घरची टर्बो डिझेल जीप वाडी-वस्तीवर माणसं पोचवते, घर तिच्यावरच चालतं. बैठक संपल्यावर म्हणाल्या, ‘‘वहिनी, आमची गाडी पहिल्यासारखी ओढत नाही. आमच्या ऑइलचं बघता का?’’ भाच्याकरवी तेही पाठवलं. त्यांचा रिपोर्ट अगदी वेगळा आला. सिलिकॉन खूप जास्त, जोडीला ॲल्युमिनियम आणि लोखंडही. म्हणजे इंजिनाच्या पोटात धूळ! बघितलं तर एअर फिल्टरच्या डब्याची क्लिप तुटलेली, तारेनं बांधलेली. फिल्टर आपटून आपटून नि हवेच्या दाबानं साफ करून कागद फाटलेला. मुरुमाच्या रस्त्याची धूळ सरळ टर्बोच्या पंख्यावर आणि तिथून सिलिंडरमध्ये. नवा फिल्टर नि क्लिप काही शेकड्यांत आली. पण झीज व्हायची ती होऊन गेली होती. रिंगांचं काम काढावं लागेल, असं फिटरनं सांगितलं. तरी ताईंना एक झालं. गाडी रस्त्यात बंद पडायची वाट न बघता त्यांनी गटाकडून कर्ज घेतलं आणि लग्नसराईच्या आधीच काम उरकलं. हंगाम बुडाला नाही.

मात्र हा रिपोर्ट म्हणजे ब्रह्मवाक्य नव्हे, हेही सांगायला हवं. लॅबचं ते यंत्र अगदी बारीक कण मोजतं, साधारण पाच ते दहा मायक्रॉनपर्यंतचे. आपला केसच सत्तर मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. बेअरिंगचा मोठा तुकडा पडला, तर तो कदाचित दिसणारही नाही. त्यासाठी जुना फिल्टर कापून बघणं, दांडा हातानं हलवून बघणं हेच खरं. म्हणूनच आमचा टर्बो ठीक आहे, हे रिपोर्ट आणि फिटरचं बोट, दोघांनी मिळून ठरवलं. दुसरं, एका रिपोर्टपेक्षा दोन-तीन रिपोर्टांची तुलना जास्त बोलते. आणि प्रत्येक गाडीला, प्रत्येक वेळी याची गरजही नाही. वेळेवर ऑइल बदलणं केव्हाही पहिलं. पण जुनी टर्बो गाडी विकत घेताना, गाडीवर पोट चालत असताना, किंवा कुणी मोठ्या खर्चाचा आकडा पुढे ठेवला असताना, एक बाटली पाठवायला काय हरकत आहे?

परवा पहिल्या गॅरेजवरून जात होते. मिस्त्रींनी हाक मारली. ‘‘वहिनी, त्या ऑइलच्या लॅबचा पत्ता द्या ना. एका गिऱ्हाईकाचं ऑइल वाढलंय.’’ मी पर्समधली वही काढली आणि पत्ता लिहून दिला. यावेळी ते हसले नाहीत.

ऑइलचा नमुना घेताना...

* इंजिन चालवून गरम झाल्यावर नमुना घ्या. मात्र ऑइल हात पोळवेल इतकं तापलेलं असतं, म्हणून काम फिटरकडूनच करून घ्या.
* पहिली आणि शेवटची धार सोडा, मधली घ्या. साधारण शंभर मिली पुरतं.
* बाटली नवी, कोरडी. धुतलेली औषधाची किंवा लोणच्याची बाटली नको. उरलेला थेंबभर मीठ-पाण्याचा अंशही रिपोर्ट बिघडवतो.
* एकूण किलोमीटर, ऑइलचे किलोमीटर, ग्रेड आणि मध्ये झालेली दुरुस्ती लिहून द्या.
* रिपोर्ट जपून ठेवा. पुढच्या वेळी तुलनेला लागतो.
* काढलेलं जुनं ऑइल गटारात, विहिरीजवळ किंवा शेताच्या बांधावर ओतू नका. कायद्यानं तो घातक कचरा आहे. अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे देणाऱ्या गॅरेजकडेच तो सोपवा. हाताला लागलं तर साबणानं लगेच धुवा.